हिटाइट लोकांची भाषा, त्यांचे हजार देव आणि एका राजाची कबुली

गेल्या खेपेला आपण मेसोपोटेमियात होतो. आज थोडं वायव्येला सरकायचं आहे, आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या पठारावर. अंकाराच्या पूर्वेला बोआझकाले नावाचं एक लहानसं गाव आहे, जुनं नाव बोआझकोय. गावाला लागून डोंगरउतारावर एका नगराचे अवशेष पसरलेले आहेत, सुमारे १८० हेक्टर. तटाच्या दरवाजावर दगडी सिंह आहेत, मोठ्या देवळाची जोती आहेत. हे हातुसा, हिटाइट साम्राज्याची राजधानी. इ. स. पू. सतराव्या शतकाच्या आसपासपासून बाराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साधारण साडेचारशे वर्षं, इजिप्तच्या फॅरोला बरोबरीच्या नात्याने ‘बंधू’ म्हणून पत्र लिहिणारे राजे इथे राज्य करत होते.

आणि इतकं असून शे-दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्याबद्दल जगाला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. बायबलमध्ये त्यांचं नाव येतं. मराठी बायबल ज्यांनी वाचलं असेल त्यांना ‘उरीया हित्ती’ आठवेल. अब्राहामाने बायकोला पुरायला गुहा विकत घेतली, तीही एका हित्तीकडूनच. पण तिथे ते कनानमधल्या अनेक जमातींपैकी एक म्हणून दिसतात. १८३४ साली शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी बोआझकोयला पोचला, ते अवशेष बघितले, आणि हे कुणाचं हे त्यालाही कळलं नाही. १९०६ साली ह्यूगो विंक्लर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तिथे खणायला सुरुवात केली तेव्हा मातीच्या पाट्या निघायला लागल्या. एक-दोन नव्हे, हजारोंनी. आज सगळे तुकडे मिळून तीस हजारांच्या घरात आहेत.

लिपी ओळखीची होती, क्यूनिफॉर्म, खिळ्याच्या आकाराच्या खुणांची. काही पाट्या अक्कादी भाषेत होत्या, त्या लगेच वाचता आल्या. पण बहुतेक पाट्या अशा, की अक्षरं वाचता येतात आणि अर्थ लागत नाही. मोडी लिपी येत असलेल्या माणसाच्या हाती मोडीत लिहिलेला कन्नड कागद यावा, तसं.

आता इथे बेद्रिख ह्रोझनी हा चेक विद्वान येतो. व्हिएन्नात शिकवायचा. १९१४ साली तो इस्तंबूलला पाट्यांच्या नकला करायला गेला, आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याला ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती व्हावं लागलं, पण कारकुनीचं काम मिळालं आणि वेळ मिळत राहिला. त्याच्या हाताला एक वाक्य लागलं. त्यात एक खूण अशी होती की जिचा अर्थ त्याला सुमेरी लिखाणातून माहीत होता: भाकरी.

जरा थांबून हे समजून घेऊ. आपण ‘५’ हा आकडा लिहितो. मराठी माणूस तो ‘पाच’ वाचतो, तमिळ माणूस ‘ऐन्दु’ वाचतो, अर्थ एकच. हिटाइट लेखनिक पुष्कळ शब्दांसाठी सुमेरी खुणा अशाच वापरायचे आणि वाचताना आपल्या भाषेत वाचायचे. यात आपला फायदा असा की अर्थ कळतो. तोटा असा की काही अगदी घरगुती हिटाइट शब्दांचे उच्चार आपल्याला कधी ऐकूच येत नाहीत, कारण ते खुणेमागे दडलेले आहेत.

तर, भाकरी. तिच्या शेजारी ‘एझ्झातेनि’ असा शब्द. पुढच्या तुकड्यात ‘वातर’. भाकरीचं काय करतात? खातात. मग ‘एझ्झातेनि’चा संबंध जर्मनमधल्या खाण्याच्या क्रियापदाशी, लॅटिन ‘एदो’शी, आणि आपल्याकडे संस्कृत ‘अद्’शी. ‘अद्’ म्हणजे खाणे, त्यावरूनच ‘अन्न’. आणि ‘वातर’? इंग्रजी शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. (हशा) तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल, असा अर्थ लागला. म्हणजे ही भाषा इंडो-युरोपीय कुळातली. २४ नोव्हेंबर १९१५ रोजी ह्रोझनीने बर्लिनमध्ये व्याख्यान देऊन हे जाहीर केलं, आणि १९१७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच वर्षी पुण्यात भांडारकर संस्था स्थापन झाली, हे आपलं सहज आठवलं म्हणून सांगतो.

खरं तर त्याच्या आधी, १९०२ सालीच, क्नुट्सॉन नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने इजिप्तमध्ये सापडलेल्या दोन पत्रांवरून हेच म्हटलं होतं. पण लोकांनी त्याला इतकं धारेवर धरलं की बिचाऱ्याने आपलं मत मागे घेतलं. बरोबर असून माघार घेतलेला माणूस. विद्येच्या इतिहासात असे बरेच आहेत.

आता ज्यांना थोडंफार संस्कृत येतं त्यांनी हे नीट ऐका. हिटाइटमध्ये ‘गेनु’ म्हणजे गुडघा, संस्कृत जानु. ‘तारु’ म्हणजे लाकूड, दारु. ‘नेपिस’ म्हणजे आकाश, नभस्. ‘नेवा’ म्हणजे नवा. ‘युकान’ म्हणजे युग, आणि हे कलियुगातलं युग नव्हे, बैलाच्या मानेवरचं. मराठीत आपण त्याला जू म्हणतो, शब्द तोच. ‘तो मारतो’ याला हिटाइट ‘कुएन्झि’, संस्कृत हन्ति. ‘ते मारतात’ याला हिटाइट ‘कुनान्झि’, संस्कृत घ्नन्ति. एकवचनात स्वर आहे आणि अनेकवचनात तो गळतो, दोन्हीकडे. शब्द उसना घेता येतो, पण क्रियापद चालवण्याची अशी खोड उसनी मिळत नाही. ती घरातूनच यावी लागते.

संस्कृत व्याकरणात ‘यकृत्’ हा शब्द चालवताना विद्यार्थी वैतागतात. प्रथमेला यकृत् आणि षष्ठीला यक्नः. मधला ‘र’ जातो कुठे आणि ‘न’ येतो कुठून? संस्कृतात हे चार-दोन शब्दांपुरतं शिल्लक राहिलेलं आहे. हिटाइटमध्ये मात्र ही चालती-बोलती पद्धत आहे. ‘वातर’ म्हणजे पाणी, ‘वेतेनास’ म्हणजे पाण्याचं. आपल्याकडे जे अपवाद म्हणून पाठ करावं लागतं, तो तिथे नियम आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि भाषेचं प्रकरण आटोपतं घेतो. १८७९ साली फेर्दिनां द सोस्यूर या तरुणाने, तेव्हा तो विशी-एकविशीत होता, केवळ कागदावरच्या तर्काने असं मांडलं की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे पुढे सगळ्या भाषांतून नाहीसे झाले. पुरावा शून्य. १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हिटाइटमध्ये त्यांतला एक ध्वनी त्या जागेवर चक्क लिहिलेला आहे. संस्कृत अस्थि, हिटाइट ‘हस्ताइ’. संस्कृत ऋक्ष, म्हणजे अस्वल, हिटाइट ‘हर्तग्ग’. तो सुरुवातीचा खरखरीत ‘ह’ संस्कृतने गमावला, ग्रीकमध्ये त्याचा नुसता स्वर झाला, आणि इथे मातीच्या पाटीवर तो बसून होता.

हिटाइटमध्ये लिंगं दोनच, सजीवांचं एक आणि नपुंसक एक. तो-ती असा भेद नाही. मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्या आपल्याला हे सुखाचं वाटेल. स्त्रीलिंग या भाषेने गमावलं की मूळ कुळात तेव्हा ते तयारच झालेलं नव्हतं, यावर अजून वाद आहे. पण सर्वसाधारण मत असं की ही शाखा खोडापासून सगळ्यात आधी फुटली.

आता मी मुद्दाम एका अडचणीच्या जागी येतो. आपल्या इतिहासप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर एक संदेश नेहमी फिरत असतो: तुर्कस्तानात इंद्र-वरुणाची पूजा करणारे हिटाइट लोक होते, ते वैदिक आर्य होते, वगैरे. मलाही तो चार-पाच वेळा आलेला आहे. यात खरं काय आहे?

खरं असं की बोआझकोयला एक तह सापडला. हिटाइट राजा सुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा राजा शत्तिवाझा यांच्यातला, इ. स. पू. चौदाव्या शतकातला. तहाला साक्षी म्हणून दोन्ही बाजूंच्या देवांची नावं आहेत. त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार, ही नावं येतात. वाचताना अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पण ती नावं कुणाच्या बाजूला आहेत? मितान्नीच्या. आणि तिथेही ती भल्या मोठ्या यादीत बरीच खाली आहेत. वर तेशुब वगैरे हुरी देव आहेत, कारण मितान्नीची जनता हुरी भाषा बोलणारी होती. राजघराण्याच्या पूर्वजांत कुणी इंडो-आर्य बोलणारे होते आणि त्यांचे देव आणि घोड्यांचे शब्द मागे राहिले, एवढं यावरून निघतं.

घोड्यांचंही तसंच. किक्कुली नावाचा मितान्नीचा अश्वशिक्षक हातुसात नोकरीला होता. रथाचे घोडे तयार करण्याचा सुमारे सात महिन्यांचा कार्यक्रम त्याच्या नावावर आहे, कधी किती चारा, कधी पाणी, कधी किती धाव, सगळं दिवसवार. मजकूर हिटाइट भाषेत, पण फेऱ्यांचे शब्द ऐका: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पन्झवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. भाषांतर लागत नाही! यातलं ‘ऐक’ महत्त्वाचं, कारण एकासाठी इराणी भाषांत ‘ऐव’ असा शब्द आहे. ‘एक’ हे इकडचं रूप.

पण हे परक्या तज्ज्ञाचे पारिभाषिक शब्द आहेत, जसे आपल्या क्रिकेटमध्ये इंग्रजी शब्द. उद्या तीन हजार वर्षांनी कुणी मराठी समालोचन खणून काढलं आणि ‘विकेट’, ‘ओव्हर’ वाचून ‘हे लोक इंग्रज होते’ म्हणालं, तर? (हशा) स्वतः हिटाइट ना वैदिक होते, ना आर्य. भाषेच्या वंशावळीत ते आपले फार लांबचे. संस्कृतला ग्रीकसुद्धा त्यांच्यापेक्षा जवळची. लांबचं नातं सांगायला कमीपणा वाटू नये, आणि ते सख्खं करून सांगण्याचा मोह तर मुळीच होऊ नये.

मग त्यांचे देव कोण? ते स्वतःच ‘हत्तीचे हजार देव’ म्हणायचे. हा हत्ती म्हणजे सोंडेचा नव्हे, हत्ती हा त्या देशाचा उच्चार. आणि तोही त्यांचा नव्हेच. त्यांच्या आधी तिथे हत्ती भाषा बोलणारे लोक होते, अगदी निराळ्या कुळातली भाषा. नव्यांनी जुन्यांचं देशनाम घेतलं, देव घेतले, देवळातले मंत्रही घेतले. स्वतःच्या भाषेला ते ‘नेसिली’ म्हणत, नेसा नगराची भाषा. हे नेसा म्हणजे आजच्या कायसेरीजवळचं कुल्तेपे. त्यामुळे ‘हिटाइट’ हे नाव आपण चुकीच्या लोकांवरून त्यांना दिलेलं आहे, पण आता ते बदलत नाही.

यज्ञविधीच्या पाट्यांत मधेच सूचना येते की पुजारी आता हत्तिलीत म्हणतो, आणि पुढे हत्ती भाषेतला मजकूर. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो कळत असेल, शंकाच आहे. सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. हाच प्रकार हुरी, लुवी, पाला या भाषांचा. अक्कादी आणि सुमेरीही आहेतच. आलेल्या देवाशी त्याच्या भाषेत बोलायचं, हा त्यांचा शिष्टाचार होता.

मुख्य जोडी म्हणजे वादळाचा देव तारहुन्न आणि अरिन्नाची सूर्यदेवी. हो, सूर्य देवी आहे. पुढे तेराव्या शतकात हत्तुसिली तिसरा याची राणी पुदुहेपा दक्षिणेकडच्या किझ्झुवत्नाहून आली, पुजाऱ्याची मुलगी, आणि आपले हुरी देव घेऊन आली. तिच्या एका प्रार्थनेत ती सूर्यदेवीला सांगते की या देशात तुझं नाव हे आहे, पण देवदारांच्या देशात तुला हेबात म्हणतात. दोन देवी एकच, असं राणीने जाहीर करून टाकलं. हातुसाजवळ याझिलिकाया इथे खडकात कोरलेली देवांची मिरवणूक आहे. एकीकडून देव येतात, दुसरीकडून देवी, आणि मधे तेशुब आणि हेबात समोरासमोर.

देवळातल्या नोकरांसाठीच्या सूचनांची एक पाटी आहे, ती मला फार आवडते. आंघोळ करून या, नखं काढा, कुत्रं-डुक्कर स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, देवाच्या ताटातलं घरी बायकोपोरांना नेऊ नका. मग लिहिणारा विचारतो, माणसाचं मन आणि देवाचं मन काय वेगळं असतं? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. नोकराने मालकाला स्वच्छ होऊन वाढलं तर मालक खूश होतो, देवाचंही तेच.

आणि हे देव रुसतात! तेलिपिनू हा शेतीचा देव. तो इतका चिडतो की पायताणं उलटसुलट घालतो, डावं उजव्या पायात, आणि चालता होतो. घरात धूर कोंडतो, गाय वासराला जवळ घेत नाही, शेत पिकत नाही, देवही जेवून उपाशीच राहतात. गरुडाला पाठवतात, त्याला सापडत नाही. शेवटी हन्नहन्ना ही म्हातारी देवी मधमाशीला पाठवते. ती त्याला शोधून डंख मारते, आणि तो आणखीच भडकतो. (हशा) मग विधी होतो, आणि त्याचा राग काढून पाताळातल्या काशाच्या रांजणांत बंद करतात. रांजणांना शिशाची झाकणं. आत गेलं ते बाहेर येत नाही. रागावर ‘शांत हो’ असा उपदेश नाही, त्याला नेऊन ठेवायची जागा आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. सुमारे दोनशे कलमं आहेत आणि पुष्कळ ठिकाणी रचना अशी: पूर्वी अमुक शिक्षा होती, आता अमुक. स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर पूर्वी चाळीस शेकेल चांदी, आता वीस. गुलामाच्या इजेला दंड कमी, हेही तिथेच आहे, तेव्हा फार हुरळून जायला नको. पण राज्याचा जुना कायदा कडक होता असं कायद्यातच लिहून ठेवायचं, हे मला लक्षणीय वाटतं.

याच सवयीचा कळस मुर्सिली दुसरा याच्या प्रार्थनांत दिसतो. मघाच्या सुप्पिलुलिउमाचा हा मुलगा. बापाच्या काळात इजिप्तच्या विधवा राणीचं पत्र आलं: माझा नवरा मेला, मला मुलगा नाही, तुम्हाला बरेच आहेत, एक पाठवा, तो माझा नवरा होईल. सुप्पिलुलिउमाचा विश्वास बसेना. त्याने माणूस पाठवून खात्री केली, मग झन्नन्झा या मुलाला पाठवलं. तो मारला गेला. बाप संतापला, त्याने इजिप्तच्या मुलखावर फौज घातली, कैदी धरून आणले, आणि त्या कैद्यांबरोबर साथ आली. वीस वर्षं हत्ती देशात माणसं मरत राहिली. सुप्पिलुलिउमानंतर गादीवर आलेला थोरला मुलगा अर्नुवन्दाही लवकरच गेला. मुर्सिली कोवळ्या वयात राजा झाला.

त्याने कौल लावले, जुन्या पाट्या काढायला लावल्या. म्हणजे हा राजा दप्तरखान्यात कारण शोधतो आहे! एका पाटीत निघालं की माला नदीला, म्हणजे युफ्रेटीसला, बळी द्यायचे थांबले आहेत. दुसरीत निघालं की इजिप्तबरोबर देवांसमक्ष केलेला जुना तह आपल्या बापाने मोडला. आणि एका प्रार्थनेत तो याहून अवघड गोष्ट बोलतो: धाकट्या तुधलियाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन माझ्या बापाने त्याला मारलं.

बघा, हे शत्रूने लिहिलेलं नाही. ज्या बापाच्या पराक्रमाची बखर याच मुलाने लिहवून घेतली, त्या बापाबद्दल तो देवापुढे सांगतो आहे. पुढचं म्हणणं असं: मी काही केलेलं नाही, पण बापाचं पाप मुलावर येतं, म्हणून मी ते कबूल करतो. चाकराने चूक कबूल केली की मालकाचा राग उतरतो. आणि जाता जाता व्यवहारही ऐकवतो की सगळेच मेले तर तुमच्या भाकऱ्या कोण भाजणार, नैवेद्य कोण दाखवणार? साथीच्या काळात सत्तेवरच्या माणसांनी काय काय बोलावं लागतं आणि काय टाळलं जातं, ते आपण सगळ्यांनी अलीकडेच बघितलेलं आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही.

याच मुर्सिलीची आणखी एक पाटी आहे. रथातून जाताना वादळ झालं, वीज कडाडली, तो घाबरला आणि त्याची वाचा बसली, तोंड वाकडं झालं. त्याने पर्यायी म्हणून एक बैल, आणि त्या दिवशी अंगावर असलेले कपडे, कुम्मन्नीच्या देवाकडे जाळायला पाठवले. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाला आपण सहसा मूर्तीतून ओळखतो. हा आपल्याला त्याच्या आजारपणातून माहीत आहे.

पुढचं सगळं मी भराभर सांगतो. इ. स. पू. १२७४ मध्ये कादेशला रामसेस दुसरा याच्याशी मोठी लढाई झाली, १२५९ मध्ये त्याच रामसेसशी हत्तुसिलीने तह केला. त्याची प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावलेली आहे. इ. स. पू. ११८०च्या सुमारास हातुसा ओस पडलं. जळालंही, पण खणणाऱ्यांचं म्हणणं असं की दरबार आधीच सामानसुमान घेऊन निघून गेला होता. पाट्या मात्र जड, त्या राहिल्या.

आणि त्या अजून संपलेल्या नाहीत. २०२३ साली तिथे एक विधीची पाटी निघाली. सुरुवात हिटाइटमध्ये, आणि पुढे सूचना की आता कलास्मा देशाच्या भाषेत म्हणावं. त्यापुढच्या ओळी आजवर कुठेच न सापडलेल्या भाषेत आहेत. कुळ कळलं, लुवीच्या नात्यातली दिसते. अर्थ लावायचं काम चालू आहे.

पाणी पितो, आणि मग तुमचे प्रश्न घेऊ.